झाटोपेकचे १०० × ४०० : ठाण्यातल्या धावपटूने काय घ्यावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, घर घोडबंदर रोडला, ऑफिस बीकेसीला. १० किमी सध्या ५८ मिनिटांत होतात आणि जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन धावायची आहे. ग्रुपमध्ये कुणीतरी सांगितलं की चेकोस्लोव्हाकियाचा ऑलिम्पिक विजेता धावपटू एमिल झाटोपेक दिवसाला ४०० मीटरच्या १०० फेऱ्या मारायचा. तेव्हापासून दर मंगळवारी उपवन तलावाला ‘झाटोपेक सेशन’ सुरू झालंय आणि चौघांपैकी दोघांच्या नडग्या दुखायला लागल्यात. हे १०० खरे आहेत का? त्यातलं आपल्याला काय घेता येईल? आणि जड बूट घालून, श्वास रोखून धावल्याने फायदा होतो का?

१०० खरे आहेत. पण तो आकडा त्याच्या धावण्याच्या तेराव्या वर्षाचा आहे, आणि तुमचा ग्रुप पहिल्या महिन्यातच त्या दिशेने निघालाय. नडग्या दुखण्याचं कारण बहुतेक इथेच आहे. म्हणून आधी त्याचा प्रवास क्रमाने बघू, मग तुमच्या मंगळवारकडे येऊ.

झाटोपेक १९ सप्टेंबर १९२२ चा. मोराव्हियातलं कोप्रझिव्हनित्से हे त्याचं गाव. पोरसवदा वयातच तो झ्लिनच्या बाटा कारखान्यात कामाला लागला. जून आला की आपल्याकडे शाळेचे बूट घ्यायला ज्या दुकानात गर्दी होते, तीच ही बाटा. १९४१ मध्ये कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने त्याला १४०० मीटरच्या शर्यतीत जबरदस्तीने उतरवलं. तब्येतीची सबब त्याने सांगून बघितली, ती चालली नाही. शंभरेक पोरांत तो दुसरा आला आणि तिथून धावणं सुरू झालं. १९४४ पर्यंत २०००, ३००० आणि ५००० मीटरचे देशातले विक्रम त्याच्या नावावर होते. युद्ध संपल्यावर तो सैन्यात गेला. १९४६ च्या ऑस्लोमधल्या युरोपियन स्पर्धेत ५००० मीटरमध्ये पाचवा आला. १०,००० मीटरची शर्यत तो पहिल्यांदा धावला ती १९४८ मध्ये, लंडन ऑलिम्पिकच्या थोडीच आधी, आणि लंडनला त्याच अंतरात २९:५९.६ वेळ देऊन सुवर्ण घेतलं. ५००० मध्ये बेल्जियमच्या गॅस्टन रीफने त्याला ०.२ सेकंदाने मागे टाकलं.

म्हणजे पहिल्या शर्यतीपासून पहिल्या ऑलिम्पिक सुवर्णापर्यंत सात वर्षं गेली, तीही विशीतल्या, दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाची. त्या काळातला त्याचा ठरलेला सराव असा होता: २०० मीटर ५ वेळा, ४०० मीटर २० वेळा, पुन्हा २०० मीटर ५ वेळा आणि प्रत्येकाच्या मध्ये २०० मीटर हलका जॉग. बेरीज करून बघा. जोरात धावलेलं अंतर १० किमी, मधले जॉग जवळपास ६ किमी, एकूण १६ किमी. पुढे ४०० ची संख्या वाढत गेली आणि १९५४ च्या सुमारास काही दिवस सकाळी ५० आणि दुपारी ५० अशा १०० पर्यंत पोचली. तुमच्या ग्रुपला जो आकडा आवडलाय तो हा.

१०० × ४०० म्हणजे ४० किमी जोरात आणि मधले २० किमी जॉग. दिवसाला ४० किमी, आणि तेही रोज, ५००० मीटरच्या शर्यतीच्या वेगाने कुणीच धावू शकत नाही. तेव्हा त्या फेऱ्यांतल्या बहुतांश त्याच्या स्वतःच्या शर्यतीच्या वेगाहून हळू असणार, हे साध्या हिशेबाने कळतं. ‘रोज १०० वेळा जीव तोडून पळायचा’ असं चित्र व्हॉट्सअॅपवर फिरतं, त्यात ही गोष्ट बसत नाही. त्याची खरी करामत मधल्या विश्रांतीत होती. थांबायचं नाही, बसायचं नाही, २०० मीटर हळू पळत पळतच दम परत मिळवायचा आणि पुढची फेरी सुरू करायची. जॉग छोटा असल्याने नाडी पूर्ण खाली येत नाही. फेरी छोटी असल्याने पायांत जडपणा साठत नाही. त्यामुळे हृदय आणि फुप्फुसं वरच्या पट्टीत काम करतात तो एकूण वेळ कितीतरी वाढतो. सलग ८ किमी त्याच वेगाने धावायला सांगितलं तर पाचव्या किलोमीटरला माणूस ढेपाळतो; २० तुकडे केले की तेच ८ किमी पुरे होतात.

तुकडे पाडून धावणं ही त्याने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. जर्मनीत फ्रायबुर्गला गेर्श्लर हे प्रशिक्षक आणि राइंडेल हे हृदयतज्ज्ञ यांनी नाडी मोजून मोजून ही पद्धत बसवली होती. त्यांच्याच रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये धावून दाखवले. झाटोपेकने तीच कल्पना लांब पल्ल्यासाठी घेतली आणि फेऱ्यांची संख्या इतकी वाढवली की बाकीच्यांना वेडेपणा वाटावा. त्याच्यानंतरची पिढी या आकड्यांच्या मागे लागली. मग न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने उलट बाजू धरली: आधी महिनोन्महिने सलग लांब धावा, वेगाचं काम नंतर. आज कुठलाही समजूतदार प्रशिक्षक या दोन्हींची मिसळ देतो. तुमच्या वयाला आणि वेळापत्रकाला माझा कौल लिडियार्डकडे थोडा जास्त झुकतो. ४०० च्या फेऱ्या आठवड्यातून एकदाच.

विक्रमांचे आकडे एकदा नजरेखालून घाला, कारण त्यातही त्याच सरावाची छाप दिसते. १९४९ ते १९५४ या काळात १०,००० मीटरचा जागतिक विक्रम त्याने पाच वेळा मोडला: २९:२८.२ पासून २८:५४.२ पर्यंत. शेवटचा १ जून १९५४ ला ब्रसेल्समध्ये, आणि २९ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला माणूस. प्रत्येक ४०० ला सरासरी ६९.४ सेकंद, अशा २५ फेऱ्या. त्याच्या दोनच दिवस आधी पॅरिसला त्याने ५००० मीटर १३:५७.२ मध्ये धावून गुंडर हेगचा १९४२ पासूनचा विक्रम मोडला होता. सप्टेंबर १९५१ मध्ये एका तासात २०,०५२ मीटर धावला. तासात २० किमीची रेषा ओलांडणारा तोच पहिला. सगळे मिळून १८ जागतिक विक्रम, आणि १९४८ ते १९५४ मध्ये १०,००० मीटरच्या सलग ३८ शर्यतींत विजय. हेगचा मोडलेला ५००० चा विक्रम मात्र त्याच्याकडे तीन महिनेच टिकला, ऑगस्टमध्ये व्लादिमिर कुट्सने तो नेला.

हेलसिंकी १९५२ बद्दल सगळेच लिहितात. तिथे तुमच्या कामाच्या दोन जागा आहेत. २० जुलैला १०,००० चं सुवर्ण (२९:१७.०), मग ५००० ची प्राथमिक फेरी, २४ ला अंतिम, २७ ला मॅरेथॉन. आठ दिवसांत शर्यतीचे ६२ किमी. ५००० च्या अंतिम शर्यतीत सरासरी फेरी साधारण ६७.७ सेकंदांची होती. शेवटच्या फेरीत पलीकडच्या सरळ पट्ट्यावर चॅटवे, शाडे आणि मिमून हे तिघेही त्याच्या पुढे निघून गेले आणि तो चौथा पडला. शेवटच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूने, जास्त अंतर पत्करून, तिघांना वळसा घालून पुढे आला. त्याच वळणावर चॅटवेचा पाय कडेला लागून तो पडला. ती फेरी सुमारे ५८ सेकंदांत गेली, सरासरीपेक्षा जवळजवळ १० सेकंद जलद. साडेचार किलोमीटरनंतर असा जोर येतो तो सरावातल्या २०० मीटरच्या फेऱ्यांमुळे. तुमच्या ग्रुपने नेमक्या त्याच गाळल्यात. (त्याच दिवशी त्याची बायको डाना झाटोपकोव्हाने भालाफेकीत ५०.४७ मीटरचं सुवर्ण घेतलं. दोघांची जन्मतारीखही एकच, सालासकट.)

मॅरेथॉन ही त्याची आयुष्यातली पहिली. जगातली सर्वोत्तम वेळ तेव्हा ब्रिटनच्या जिम पीटर्सची होती आणि सुरुवातीला तोच पुढे सुटला. झाटोपेकने धावता धावता त्याला विचारलं, हा वेग फार होतोय का? पीटर्स म्हणाला, उलट कमी आहे. पीटर्सला पुढे शर्यत अर्धवट सोडावी लागली. झाटोपेक २:२३:०३.२ मध्ये आला, किलोमीटरला ३ मिनिटं २३ सेकंद. ट्रॅकवरच्या त्याच्या तासाच्या विक्रमात हाच आकडा ३ मिनिटांच्या किंचित आत होता. म्हणजे मॅरेथॉनमध्ये तो स्वतःच्या तासाभराच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे २३-२४ सेकंद राखून धावला. जानेवारीत हाफ मॅरेथॉनला माहीमहून सुटताना पहिले तीन किलोमीटर लोक कसे धावतात ते आठवा.

आता तुमचा मंगळवार. ५८ मिनिटांत १० किमी म्हणजे किलोमीटरला ५:४८, ४०० मीटरला २ मिनिटं १९ सेकंद. तुमच्या फेऱ्यांचा वेग २:१६ ते २:२० च्या मध्ये ठेवायचा. फार हळू वाटेल आणि पहिल्या चार फेऱ्यांत ग्रुपमधलं कुणीतरी नक्की चिडवेल. मधला २०० मीटर जॉग दीड मिनिट ते १ मिनिट ४० सेकंदांत. पूर्ण हंगामभर वेग हाच राहणार, संख्या फक्त वाढणार. झाटोपेककडून उचलायची मुख्य गोष्ट मी हीच समजतो.

बिघडतं कुठे ते बघा. घड्याळातली अशी रांग मी वारंवार बघतो: २:०२, २:०४, २:०५, २:११, २:१५, २:२४, २:३१. पहिल्या तिघांत ५००० मीटरच्या वेगाहूनही वर, मग सगळा डोलारा खाली. सहाव्या फेरीनंतर माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उभा असतो. जॉग गेला, विश्रांती दीड मिनिटाची तीन मिनिटं झाली आणि सरावाचा जीवच गेला. नेम सोपा आहे: पहिल्या आणि शेवटच्या फेरीत ४ सेकंदांहून जास्त फरक नको. सलग दोन फेऱ्या ५ सेकंदांनी हळू गेल्या किंवा जॉगच्या जागी चालावं लागलं, तर तिथेच थांबा आणि घरी जा. राहिलेल्या फेऱ्या पूर्ण करण्याचा हट्ट दुखापतीत निघतो.

जानेवारीपर्यंत वीसेक आठवडे हातात धरतो. पहिले चार आठवडे ४०० अजिबात नको. आठवड्यातून चार दिवस गप्पा मारता येतील अशा वेगाने धावा, त्यातल्या दोन दिवशी शेवटी ८० मीटरचे ४-५ मोकळे, सैल वेगाचे तुकडे घाला. त्यानंतर मंगळवारी ८, मग १०, मग १२ फेऱ्या, आणि चौथ्या आठवड्यात परत ८. पुढच्या चार आठवड्यांत १२, १४, १६ आणि खाली १०. त्यापुढे १६, १८, २० आणि खाली १२. यातला एखादा उतरता आठवडा दिवाळीत पाडलात तर घरातल्यांशी भांडण नाही आणि फराळाचाही हिशेब लागतो. २० च्या वर जाऊ नका. आधी २ किमी वॉर्मअप, नंतर दीड किमी सावकाश. २० फेऱ्यांच्या दिवशी हे सगळं साडेपंधरा किलोमीटर होतं, म्हणजे तुमच्यासाठी पावणेदोन तासांच्या आसपास. ऑफिसच्या दिवशी हे जमत नसेल तर १४ वर थांबा, काही बिघडत नाही. १२ किंवा जास्त फेऱ्यांच्या दिवशी सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-दोन ४०० काढून त्यांच्या जागी २०० मीटरच्या चार-चार फेऱ्या घाला, ६३ ते ६६ सेकंदांत. ही झाली झाटोपेकची मांडणी तुमच्या मापात.

बाकीचा आठवडा: बुधवारी सुट्टी किंवा ४ किमी अगदी हळू, गुरुवारी ७-८ किमी, शनिवारी ५, रविवारी लांब. लांब म्हणजे १० पासून सुरू करून दर आठवड्याला दीड किमी वाढवत १९ पर्यंत. हळू धावण्याचा वेग किलोमीटरला ६:४५ ते ७:१५. बहुतेकांचं इथेच चुकतं. सोपे दिवस ते ६:१० ने धावतात, मग मंगळवारी पाय ताजे नसतात आणि दोष ४०० ला लागतो.

जागेचं बोलू. उपवनचा काठ पहाटे पाचच्या आत ठीक आहे, सहानंतर चालणाऱ्यांची गर्दी होते आणि वेगात वाकडं-तिकडं वळावं लागतं. पावसात तिथल्या आणि एकंदरच तलावाकाठच्या फरशांवर शेवाळ धरतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेगाचं काम तिथे नको. शिवाय तलावाभोवती एकाच दिशेने फिरत राहिलं की बाहेरच्या पायाच्या गुडघ्याच्या बाजूला आणि आतल्या पायाच्या नडगीला सतत एकसारखा ताण येतो. दर चार फेऱ्यांनी दिशा बदला. रस्त्याच्या कडेने धावतानाही तेच: पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला बाजूला उतार दिलेला असतो, सतत डावीकडून धावलं की डावा पाय दर पावलाला खाली पडतो. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, धूळ आणि पहाटेचे ट्रेलर आहेत, तिथे फेऱ्यांचा विचारही नको. पोखरण रोड दोन किंवा हिरानंदानी इस्टेटच्या आतले रस्ते पहाटे रिकामे असतात; त्यातला सपाट, वळण नसलेला ४०० मीटरचा तुकडा शोधून जा-ये करा. नवी मुंबईत नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानातला फिरण्याचा मार्ग हलक्या धावण्याला उत्तम. पाम बीच रोडवर मात्र रविवारी पहाटेही गाड्या फार वेगात येतात, ग्रुपने आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावूनच जा.

येऊरचा डोंगर चढासाठी. हाफच्या मार्गातल्या पेडर रोडच्या चढाची तयारी म्हणून पंधरा दिवसांतून एकदा गुरुवारी तिथे ६-७ किमी सावकाश चढा-उतरा, पण ४०० च्या फेऱ्या तिथे नको, चढ-उतारात वेळेला अर्थ राहत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, बिबट्याचा वावर आहे. उजाडल्याशिवाय आणि एकट्याने वर जायचं नाही.

४०० मीटर मोजायचे कसे? मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. टॉवर आणि झाडांच्या मध्ये १० मीटरची चूक सहज होते आणि ती तुमच्या फेरीत साडेतीन सेकंदांची पडते. आपण ४ सेकंदांच्या पट्ट्यात काम करतोय. सायकल घ्या, पुढच्या टायरवर खडूने खूण करा, एक पूर्ण फेरा जमिनीवर टेपने मोजा. मोठ्या चाकाचा तो साधारण २.१ मीटर भरतो, म्हणजे ४०० मीटरला १९० फेरे. हवा नीट भरलेली असू द्या आणि २०० मीटरलाही खूण करा. ट्रॅक मिळाला तर पहिल्याच लेनमध्ये ४०० असतात. बाहेर जाल तसे दर लेनला जवळजवळ साडेसात मीटर वाढतात, चौथ्या लेनमध्ये फेरी ४२३ ची होते.

हवेचा हिशेब वेगळा. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये घाम अंगावरून वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वर चढत राहते. तेव्हा ४०० ला ४ ते ६ सेकंद सोडून द्या. धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा: एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. एक तासाच्या वर धावणार असाल तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घाला. निम्म्या पुडीचं पातळ पाणी किंवा एक लिटरची पुडी एका ग्लासात, दोन्ही चूक. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं. नोव्हेंबरच्या मध्यात हवा बदलली की ४०० आपोआप ३-४ सेकंदांनी जलद होतील. तेवढंच घ्या, वरून जोर लावू नका.

त्या दोघांच्या नडग्यांचं. नडगीच्या आतल्या बाजूने वीतभर लांबीत दुखत असेल, धावायला लागल्यावर कमी होत असेल, तर दहा दिवस फेऱ्या बंद, सोपं धावणं निम्म्यावर, आणि पोटरीच्या व्यायामाला सुरुवात: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ चे ३ संच, एक दिवसाआड. पण एका बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेत दुखत असेल किंवा एका पायावर उडी मारवत नसेल, तर धावणं पूर्ण बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे जा. ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसतही नाही, हे डॉक्टरला विचारून घ्या.

आता बूट आणि श्वास. तो सैन्याचे जड बूट घालून बर्फात, अंधारात धावायचा हे खरं आहे. तो सैनिक होता आणि हिवाळ्यात तिथे तेच चालतं. घोट्याला वजन बांधून डांबरावर धावलात तर पाय पुढे टाकण्याची तऱ्हा बिघडते आणि गुडघ्याला धक्का बसतो. शक्ती हवी असेल तर येऊरचा चढ आहेच. श्वास रोखून झाडांच्या रांगेत पुढच्या पुढच्या झाडापर्यंत जायचा आणि एकदा बेशुद्ध पडला, अशीही गोष्ट सांगितली जाते. त्यातून वेग वाढत नाही आणि रस्त्यावर चक्कर आली तर डोकं फुटतं. धावताना मान एका बाजूला, चेहरा वेदनेने पिळवटलेला, जीभ बाहेर हे त्याचं ध्यान फोटोंत दिसतं, तेही उचलण्याची गरज नाही.

त्याच्या शेवटाची एक गोष्ट मात्र तुमच्या वयाच्या माणसाने लक्षात ठेवावी. १९५६ च्या मेलबर्नच्या थोडं आधी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तरी मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. जिंकला तो मिमून, लंडन आणि हेलसिंकीत तीनदा त्याच्या मागे दुसरा आलेला. नंतर १९६८ मध्ये झाटोपेकने ‘प्राग वसंता’ची, म्हणजे देशातली राजवट सैल करण्याच्या चळवळीची बाजू घेतली. सैन्यातून आणि कम्युनिस्ट पक्षातून काढलं गेलं, घरापासून लांब भूगर्भ-शोधाच्या कामावर वर्षं काढावी लागली. पुढे दबावाखाली सरकारला सोयीचं बोलला म्हणून टीकाही झाली. १९९० मध्ये त्याचा मान अधिकृतपणे परत मिळाला आणि नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये तो गेला. १९६६ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कला स्वतःचं हेलसिंकीचं १०,००० मीटरचं सुवर्णपदक देऊन टाकलं होतं. तेव्हा त्या अंतराचा जागतिक विक्रम क्लार्कच्या नावावर होता आणि ऑलिम्पिक सुवर्ण एकही नव्हतं.

शेवटचे आठवडे. २० फेऱ्यांचा आणि त्याच्या पाठचा उतरता आठवडा झाला की दोन मंगळवार ४०० ऐवजी १ किमीच्या ५ फेऱ्या, किलोमीटरला ६:०५ ने, मध्ये २०० मीटर जॉग. हा तुमचा हाफचा वेग. ५८ मिनिटांच्या १० किमीवरून २:०८ ते २:१२ अशी वेळ येते. शर्यतीच्या १० दिवस आधी ८ × ४००, वेग तोच २:१८, मन भरलं नाही तरी नववी फेरी नको. शर्यतीच्या आठवड्यात मंगळवारी ५ किमी हलके आणि ४ मोकळे तुकडे, गुरुवारी ४ किमी, शनिवारी सुट्टी. नवीन बूट डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊन किमान ६० किमी चालवून घ्या. माहीमला पहाटे पोचायचंय, घोडबंदरहून गाडीची सोय आदल्या आठवड्यातच ठरवा. पहिले ३ किमी ६:१५ ने जा, आणि पेडर रोडचा चढ आला की घड्याळ न बघता पावलं छोटी करा.